भुसा कुणाचा?

१

चला, थोडा वेळ माझ्याबरोबर नायगावला या. गाडी नको, तिकीट नको, नुसतं मनाने या.

समजा, तुम्ही अकरा वर्षांची अनुष्का आहात. ऑक्टोबरातला शनिवार आहे, शाळेला सुट्टी आहे. खाडीच्या बाजूला उभ्या राहिलेल्या नव्या टॉवरांपैकी एका टॉवरच्या सातव्या मजल्यावर तुम्ही राहता. खाली गेटच्या आत एक जुनं आंब्याचं झाड आहे. इमारत बांधताना सगळी झाडं गेली, हे एवढं राहिलं. उन्हाळ्यात त्याखाली पत्ते रंगतात, पावसाळ्यात त्याखाली स्कूटर उभ्या राहतात. तुम्ही खाली उतरता, आणि बघता तर काय, झाडाभोवती घोळका जमला आहे.

झाडाची गेटकडची मोठी फांदी वाळली होती. पानं तांबूस होऊन लटकत होती. आणि बुंध्यावर भोकं होती. एक, दोन, तीन... अनुष्काने सात मोजली. प्रत्येक भोकाखाली भुशाची छोटीशी रास.

"ड्रिल मारलंय," कुणीतरी म्हणालं. "भोकं पाडायची आणि आत विष ओतायचं. झाड आपोआप मरतं. पेपरात वाचलंय मी."

अनुष्काचे बाबा, जयवंत माने, सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांनी वॉचमनला पंपाच्या खोलीत बघून यायला सांगितलं. वॉचमन एक कापडी पिशवी घेऊन आला. पिशवी सोसायटीचे माळी थॉमसबाबा यांची होती. बाबांनी सगळ्यांसमोर ती उघडली. आतून निघाली एक आकडा केलेली लांब तार, कापसाचा गुंडाळा, बाटलीत तळाशी थोडं रॉकेल, आणि कागदाची एक पुडी.

पुडीत तपकिरी भुसा होता. पुडीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत एक शब्द लिहिला होता. एफ, आर, ए, एस, एस. फ्रास.

"फ्रास?" बाबांनी मोबाइल काढला, शब्द टाइप केला. मोबाइलने क्षणात उत्तर दिलं. बाबांचा चेहरा बदलला.

"हा जर्मन शब्द आहे," ते हळूच म्हणाले. "अर्थ दिलाय, फडशा. खाऊन टाकणं."

२

थॉमसबाबा साडेनऊला आले. सत्तरीचे, उंच, जरा वाकलेले. मिठागरांच्या बाजूच्या गावातला माणूस. तीस वर्षं एका शेती संशोधन केंद्रात किड्यांच्या विभागात शिपाई म्हणून काम केलं, निवृत्त झाल्यावर पाच वर्षं या सोसायटीची बाग सांभाळत होते.

"बाबा, हे काय आहे?" सेक्रेटरींनी पुडी पुढे केली.

थॉमसबाबांनी पुडीकडे पाहिलं, मग घोळक्याकडे. "ते किड्याचं शेन हाय," ते म्हणाले.

घोळक्यातला जितेंद्र मोठ्याने हसला, आणि त्याचं पाहून सगळेच हसले.

"किड्याचं शेण! मग गोठापण असेल ना किड्याचा?"

थॉमसबाबा हसले नाहीत. चिडलेही नाहीत. पंपाच्या खोलीची चावी परत द्यायला त्यांनी खिशात हात घातला, तेव्हा अनुष्काचे बाबा म्हणाले, "चावी उद्या द्या. उद्या अकराला मीटिंग आहे. तिथे सगळ्यांसमोर काय ते बोलू. तोपर्यंत तुम्ही आत येऊ नका."

थॉमसबाबा वळून चालू लागले. गेटपाशी थांबून त्यांनी एकदा झाडाकडे पाहिलं. झाडाला पाणी घालायचं राहिलं होतं.

आता मुलांनो, तुम्ही काय केलं असतं? अनुष्काला थॉमसबाबा खोटं बोलतात असं कधी वाटलं नव्हतं. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, हेही तिला कळत होतं. ती घरी गेली, भूगोलाच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि लिहिलं, "झाड मेलं तर फायदा कुणाचा?"

पहिलं नाव तिने लिहिलं जितेंद्रकाका.

जितेंद्र दुसऱ्या मजल्यावर राहायचा. त्याची नवी पांढरी गाडी नेमकी झाडाखाली उभी असायची, आणि तिच्यावर चिकट थेंब पडायचे. झाड तोडा म्हणून त्याने दोनदा अर्ज दिला होता.

"अरे यार, तू काय सीआयडी लागलीस?" दार उघडून तिच्या हातातली वही-पेन बघताच त्याने विचारलं.

"काका, तुमच्याकडे ड्रिल मशीन आहे ना?"

"आहे. मग? आख्खी बिल्डिंग माझंच मशीन नेते. टीव्ही लावायचा, जितेंद्र. घड्याळ लावायचं, जितेंद्र. थँक्यू बोलायला मात्र कोणी नाही."

"मला दाखवाल?"

"कसं दाखवू? माझ्याकडे असेल तर दाखवीन ना!" जितेंद्रने दाराला हात टेकवला. "आठ दिवस झाले, मशीन तुमच्याच घरी आहे. तुझ्या बाबांनी नेलंय."

३

अनुष्का जिन्याने वर गेली. लिफ्ट समोर होती, तरी जिन्याने गेली. पाच मजले तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दुचाकींसाठी पत्र्याची शेड घालायची असं बाबा महिनाभर म्हणत होते. आणि शेडच्या आड येत होतं ते हेच झाड.

बाबा जेवायला बसले होते. तिने सरळ विचारलं.

"बाबा, जितेंद्रकाकांचं ड्रिल तुमच्याकडे आहे?"

"हो. पडद्याचा रॉड लावायचा होता. कपाटावर आहे." मग त्यांचा घास हातातच राहिला. "अनू, तुला असं तर नाही वाटत की..."

"मला काहीच वाटत नाही. मला बघायचंय."

बाबांना राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांनी हात धुतले आणि मशीन खाली काढलं. अनुष्काने गॅलरीतून आंब्याच्या पेटीची एक फळी आणली. उन्हाळ्यात आलेली पेटी तिने चपला ठेवायला ठेवून दिली होती, आणि अशा पेट्या आंब्याच्याच लाकडाच्या असतात हे तिला थॉमसबाबांनीच सांगितलं होतं. बाबांनी फळीत चार भोकं पाडली. खाली पसरलेल्या कागदावर भुसा पडला.

"आता ती पुडी द्या," अनुष्का म्हणाली.

दोन्ही भुसे तिने शेजारी शेजारी ठेवले. ड्रिलचा भुसा कोरडा, फिकट, पेन्सिलला टोक करताना निघतात तशा बारीक वळलेल्या सालींचा. पुडीतला भुसा तपकिरी, गोळीगोळीचा, मधे मधे दातांनी चोथा केल्यासारखे धागे. फळीवरची चारही भोकं नेमकी एका मापाची आणि गोल होती. झाडावरची? तिने डोळे मिटून आठवली. एक लहान, एक मोठं, एक तर लांबट. आणि भोकांच्या कडेला डिंकासारखा चिक ओघळलेला.

"बाबा, हे भुसे एक नाहीत."

"लाकूड ओलं असलं की भुसा वेगळा पडतो," बाबा म्हणाले. पण आता त्यांच्या आवाजात सकाळचा ठामपणा नव्हता.

"आणि त्या शब्दाचं काय?"

"शब्दाचा अर्थ मी वाचला ना, फडशा. तुला अजून काय हवंय?"

अनुष्का पुडीवरच्या अक्षरांकडे बघत बसली. मोबाइल खोटं बोलला नव्हता. पण त्याने काही विचारलंही नव्हतं. त्याला पाच अक्षरं दिसली आणि त्याने स्वतःच ठरवलं, ही जर्मन आहेत.

पण जो माणूस आयुष्यात जर्मनीला गेला नाही, तो पुडीवर जर्मन शब्द कशाला लिहील?

४

शब्दांबद्दल विचारायचं तर सोसायटीत एकच घर होतं. तळमजल्यावर व्हेरोनिका टीचर राहायच्या. छत्तीस वर्षं त्यांनी इंग्रजी शिकवलं होतं, आणि अजूनही चुकीचा उच्चार ऐकला की त्या चहाचा कप खाली ठेवायच्या. झाडाच्या सावलीमुळे त्यांच्या स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावावा लागे, म्हणून अनुष्काच्या वहीत त्यांचंही नाव होतं. पण त्या यादीतून त्यांनी स्वतःच स्वतःला बाहेर काढलं.

"मी झाड मारीन?" टीचर म्हणाल्या. "अगो, त्याच सावलीत माझी आमटी दोन दिवस टिकते. बस. कुठला शब्द म्हणालीस?"

त्यांनी दोन हातांनी उचलावा लागणारा शब्दकोश टेबलावर ठेवला. पानं उलटली. बोट एका ओळीवर थांबलं, आणि टीचर गालात हसल्या.

"वाच."

अनुष्काने वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"म्हणजे... थॉमसबाबा खरं बोलत होते?"

"शब्दन् शब्द. फ्रास म्हणजे किड्यांची विष्ठा. अळी लाकूड खाते, आत बोगदा करत जाते, आणि खाऊन मागे जे टाकते ते. ते इंग्रजीत फ्रास."

"मग बाबांना फडशा कुठून मिळाला?"

"तेही खरंच आहे." टीचरना असा प्रश्न आवडायचा. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघ. जर्मन भाषेत माणूस खातो त्याला एक क्रियापद आहे, एसेन. जनावर खातं त्याला दुसरं, फ्रेसेन. आपण नाही का, पाहुण्याला म्हणतो जेवा, गाय चरते म्हणतो, आणि भावावर चिडलो की म्हणतो गिळ आता! तसंच. त्या फ्रेसेनवरून जर्मनमध्ये शब्द झाला तो खाण्याचा, फडशा पाडण्याचा. किडीने पानं कुरतडली, लाकूड पोखरलं, ते त्यांचं फ्रास. इंग्रजांनी शब्द उचलला, पण तो लावला खाऊन झाल्यावर मागे उरतं त्याला. एकाच शब्दाचं तोंड जर्मनीत राहिलं आणि शेपटी इंग्लंडात गेली, असं समज."

अनुष्का हसली. मग विचारात पडली. "पण टीचर, मराठीत याला काय म्हणतात?"

"सांग बरं तूच. गाईचं?"

"शेण."

"घोड्याची?"

"लीद."

"शेळीच्या?"

"लेंड्या. आणि पाखराची शिट."

"आणि किड्याचं?"

अनुष्काने तोंड उघडलं, पण शब्द आला नाही.

"आपण त्यालाही भुसाच म्हणतो," टीचर म्हणाल्या. "सुताराने करवत चालवली, भुसा. अळीने झाड पोखरलं, तरी भुसाच. आज सकाळी तुम्ही सगळे भुसा भुसा म्हणत उभे होता ना? त्या एका शब्दाने तुमच्या डोळ्यांसमोर मशीन उभं केलं. थॉमसने तीस वर्षं त्या केंद्रात साहेबांच्या बाटल्यांवर नावं चिकटवली. त्याला दोन भुसे दोन नावांनी माहीत आहेत. बिचाऱ्याने तुमच्यासाठी मराठी शब्द शोधला, किड्याचं शेण. आणि तुम्ही हसलात."

अनुष्काचे कान गरम झाले. सकाळी थोडीशी तीही हसली होती.

"पण टीचर, पुडीतलं फ्रास खरं असलं, तरी भोकं त्यांनी नाही पाडली हे कसं सिद्ध करायचं? उद्या अकराला मीटिंग आहे."

टीचरनी शब्दकोश मिटला. "ते शब्दकोशात नाही. ते झाडाला विचार."

५

संध्याकाळी पाच वाजता अनुष्का खाली उतरली. तिने झाडाखालचा सगळा भुसा झाडून घेतला. बुंध्याभोवती जुनी वर्तमानपत्रं पसरली, वर दगड ठेवले. मग त्याभोवती रांगोळीचं आख्खं पाकीट ओतून पांढरा पट्टा केला, इतका रुंद की मोठ्या माणसालाही त्यावर पाय ठेवल्याशिवाय झाडापर्यंत पोचता येऊ नये.

"दिवाळी लवकर आली काय?" जितेंद्रने गाडी काढता काढता विचारलं.

"काका, आजची रात्र गाडी दुसरीकडे लावा ना. प्लीज."

जितेंद्रने तिच्याकडे पाहिलं, काय मनात आलं कुणास ठाऊक, पण गाडी त्याने मागच्या बाजूला नेऊन लावली.

रविवारी अकरा वाजता पंधरा-वीस माणसं झाडाजवळ जमली. थॉमसबाबा चर्चमधून मिस्सा आटपून आले होते, पांढऱ्या शर्टात. चावी त्यांच्या मुठीत होती. ते गेटपाशीच उभे राहिले.

"मीटिंग सुरू करण्याआधी," अनुष्का म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा फाटलाच, "मीटिंग सुरू करण्याआधी सगळ्यांनी रांगोळी बघा."

सगळ्यांनी पाहिली. पट्टा जसाच्या तसा होता. एक चिमणी तेवढी नाचून गेली होती, तिची नखं उमटली होती. माणसाचं पाऊल नव्हतं.

"आता कागद बघा."

वर्तमानपत्रावर, बरोबर भोकांच्या खाली, तपकिरी भुशाच्या चार ताज्या राशी होत्या.

पुढचे दोघे-तिघे वाकून बघू लागले.

"थॉमसबाबा काल सकाळपासून आत आले नाहीत," अनुष्का म्हणाली. "ड्रिल आमच्या कपाटावर होतं. रांगोळीवर कुणाचा पाय पडला नाही. तरी भुसा पडला. म्हणजे भुसा पाडणारा बाहेरून आलाच नाही. तो आतच आहे." तिने दोन कागद पुढे केले. "हा ड्रिलचा. हा झाडाचा. हातात घेऊन बघा. ड्रिल लाकूड कापतं. हे लाकूड कुणीतरी खाल्लंय."

एक आजोबा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पोरगी बरोबर बोलतेय."

"मग तार?" मागून कुणीतरी विचारलं. "रॉकेल? कापूस? ते कशाला?"

याचं उत्तर द्यायचं काम अनुष्काचं नव्हतं. तिने गेटकडे पाहिलं.

"थॉमसबाबा," ती म्हणाली, "या ना. तुम्हीच दाखवा."

६

थॉमसबाबा आले. रांगोळीपाशी क्षणभर थबकले, मग जपून पाय टाकून आत गेले. त्यांनी तार घेतली, मोठ्या भोकात हलकेच सरकवली, कान लावल्यासारखं डोकं कलतं केलं, तार फिरवली आणि ओढली.

आकड्याला लटकून बाहेर आली एक गुबगुबीत, पिवळट पांढरी अळी. मोठ्या माणसाच्या बोटाएवढी.

"ईऽऽ!" अर्धी सोसायटी मागे सरकली. जितेंद्र सगळ्यात मागे.

"भिरूड," थॉमसबाबा म्हणाले. "आंब्याच्या खोडात ऱ्हातं. भुंग्याची अळी. तारेनं काढायची, भोकात रॉकेलचा कापूस घालायचा, वरून चिखलानं बंद करायचं. पोरांनो, ते रॉकेलचं काम मोठ्या मान्सांचं हां. फांदी गेली ती गेली. पन झाड जगंल. अजून आठ-पंधरा दिवस गेले असते, तर मंग कोनाच्या हातात नव्हतं."

बाबा, म्हणजे आपले सेक्रेटरी, खाली बघत होते.

"भिरूड," ते स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मला सांगायचंय. गेल्या महिन्यात थॉमसबाबा माझ्याकडे आले होते. म्हणाले, झाडाला भिरूड लागलंय, औषधपाण्याची परवानगी द्या. मी फोनवर होतो. आमच्या साताऱ्याकडे हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं कसली तरी वेल असेल. मी म्हणालो, बघू. आणि बघितलंच नाही."

"म्हनून पुडी बांधून ठेवली व्हती," थॉमसबाबा म्हणाले. "तुमास्नी दाखवायला. नुसतं तोंडानं सांगून पटत न्हाय, तर म्हटलं नावानिशी दाखवू. आमचे साहेब तसंच करायचे."

म्हणजे ज्या पुडीने त्यांना गुन्हेगार ठरवलं, ती पुडी त्यांनी सेक्रेटरींसाठीच बांधली होती.

बाबांनी हात जोडले. ते म्हणाले, "बाबा, मी न विचारता तुमची पिशवी उघडली. चुकलो. आणि हे झाड तुम्ही वाचवलंत. पाच वर्षं पाणी घातलंत, आम्ही एकदाही तुमचे आभार मानले नाहीत. आज मानतो."

मग एक अनपेक्षित गोष्ट घडली. जितेंद्र पुढे आला. "काल मी हसलो सगळ्यात पहिला," तो म्हणाला. "सॉरी बाबा. खरंच. आणि गाडी मी मागेच लावत जाईन. झाडाला थोडा श्वास घेऊ दे." टीचरनी चहा आणला होता, सोबत घरची नानकटाई. कुणी थॉमसबाबांना खुर्ची दिली, कुणी पंखा आणू का विचारलं. एका बाईंनी त्यांना वाकून नमस्कारच केला. म्हातारबाबा इतके गोंधळले की त्यांनी चहा बशीत ओतला आणि पुन्हा कपात ओतला.

"बरं, बरं," ते म्हणाले. "तुमचे उपकार झाले. पोरीचे तर लय झाले. पन माझं काम ऱ्हायलंय."

चावी त्यांनी खिशात टाकली, आणि ती परत कुणी मागितली नाही.

एकेक भोक साफ होत गेलं. थॉमसबाबा तार घालत, बाबा कापूस भरत, आणि चिखल लिंपायला अनुष्का. पहिलं झालं, दुसरं झालं, सहा झाली. आणखी दोन अळ्या निघाल्या. सातवं भोक अगदी मुळापाशी होतं, जमिनीला टेकलेलं. थॉमसबाबांनी वाकायचा प्रयत्न केला, गुडघा धरला आणि तसेच उभे राहिले. बाबा वाकले, पण मुळांच्या बेचक्यात त्यांचा हात जाईना.

"ऱ्हाऊ दे," थॉमसबाबा म्हणाले. "उद्या खुरपीनं माती काढून बघतो."

अनुष्काने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने ओढणी काढून टीचरच्या हातात दिली, रविवारच्या नव्या ड्रेससकट सरळ ओल्या मातीवर पालथी झोपली, गाल मुळाला टेकवला आणि हात मागे पसरला.

"तार द्या, थॉमसबाबा," ती म्हणाली. "आणि कशी फिरवायची ते सांगा."